अंधारातली खुर्ची आणि उन्हातली पायरी

दुपारी बारा वाजता, बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना, जो मनुष्य तिकीट काढून अंधारात जाऊन बसतो, तो काही फारसा सुखी मनुष्य नसतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. सहा ते नऊच्या खेळाची मंडळी निराळी. ती कुटुंबकबिल्यासह येत, बायकांच्या अंबाड्यावर गजरे असत, पोरांच्या हातांत शेंगदाण्यांच्या पुड्या असत. नऊ ते बाराला शौकीन येत. पण बारा ते तीन! त्या खेळाला गजरा मी कधी पाहिला नाही. तेथे यायचे ते औषधांची बॅग मांडीवर घेतलेले विक्रेते, वसतिगृहातली नापास मुले, लक्ष्मीपुरीच्या बाजारात सकाळी माल विकून परतीच्या एस.टी.ची वेळ काढणारे शेतकरी, आणि सुनेला घरात अडचण नको म्हणून बाहेर पडलेले पेन्शनर. सारे एकेकटे. बसायचे तेही एकमेकांपासून दोन-तीन खुर्च्या सोडून. मध्यंतरात दिवे लागले की आम्ही एकमेकांची नजर चुकवत असू.

'आम्ही' म्हटले, कारण त्यांत मीही होतो. एक-दोनदा नव्हे, चांगली आठ-नऊ वर्षे होतो.

एम.ए. झालो, सेटची परीक्षा पार पडली आणि २००५ साली मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवू लागलो. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही ते भाग्यवान. तत्त्व असे की, जेवढे तास तेवढे पैसे. परीक्षा चालू असतील तर तास नाहीत, दिवाळीची सुट्टी लागली तर तास नाहीत, मे महिन्यात तर नाहीतच. आणि जे पैसे साठत ते सहा-आठ महिन्यांनी, कोणाच्या तरी सहीची वाट पाहून हातात पडत. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याने मोह बाळगू नये हे मला मान्य आहे. पण वाणी काही ज्ञानेश्वरी वाचत नाही.

घरी आणि गल्लीत मात्र मी 'सर' होतो. आमच्या पेठेतला पहिला प्राध्यापक! तेव्हा तास असो वा नसो, रोज साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात दोन पुस्तके धरून बाहेर पडणे भाग होते. बाहेर पडायचे ते ठीक. पण जायचे कोठे? ग्रंथालयात बसावे तर ओळखीचे कोणी ना कोणी विचारणारच, "काय सर, आज तास नाही वाटतं?" रंकाळ्यावर बसावे तर विद्यार्थी जोडीजोडीने भेटतात आणि त्यांची आणि माझी, दोघांचीही पंचाईत होते. चित्रपटगृहात कोणी काही विचारीत नाही. तेथे मनुष्याला नाव नसते, फक्त खुर्चीचा नंबर असतो, आणि बाराच्या खेळाला तोही कोणी पाहत नाही.

काय पाहिले म्हणाल, तर मिळेल ते. दादा कोंडक्यांचे चित्रपट सातव्या-आठव्यांदा पाहिले ते ह्याच काळात. दोन अर्थांच्या शब्दांचा अभ्यास करायचा तर तो अलंकारशास्त्राच्या पुस्तकापेक्षा दादांकडे करावा, हे माझे मत मी वर्गात कधी सांगितले नाही, येथे सांगतो. मिथुन चक्रवर्तीचे असे चित्रपट पाहिले की ज्यांची नावे सभ्य माणसाला आठवत नाहीत. त्यांत कथा नसे, संवाद म्हणजे नुसता आरडाओरडा. पण एक गोष्ट हमखास असे. ज्याचे सगळे हिरावले गेले त्याला शेवटच्या वीस मिनिटांत सगळे व्याजासकट परत मिळे. पुढच्या रांगेतला एखादा शेतकरी तेव्हा जोराने नाक शिंकरी. समीक्षक ह्याला पलायन म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याच्या मागे काही लागलेले असते त्यानेच पळायचे असते.

कोल्हापुरात राहून सिनेमाचे व्यसन लागले ह्यात माझे एकट्याचे कर्तृत्व काही नाही. हवाच तशी आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या आतेमामे भावांनी येथे स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले तेव्हा तो अपुराच होता, आणि बाबूरावांनी दामल्यांच्या साह्याने तो पुरा केला. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते त्याच चित्रपटामुळे. पण मला त्यांचे अधिक कौतुक वाटते ते १९२५ सालच्या 'सावकारी पाश'साठी. राजे-राण्या आणि देवदेवता पडद्यावर चमचमत असताना ह्या माणसाने सावकाराच्या कागदावर जमीन घालवून बसलेला, गिरणीत मजुरीला गेलेला शेतकरी उभा केला. त्या शेतकऱ्याचे काम केले होते तरुण शांतारामाने. आमच्या गावच्या सिनेमाने फार लवकर एका हरलेल्या माणसाकडे पाहिले, ही गोष्ट मला का कोण जाणे पण अभिमानाची वाटते.

आणि बाबूरावांचे पुढे काय झाले? १९२९ साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले, सीताराम कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन त्यांनी 'प्रभात' काढली, 'अयोध्येचा राजा' येथेच १९३२ साली बोलता केला, आणि १९३३ साली अख्खी 'प्रभात' उचलून पुण्याला नेली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर टिकली नाही. चांगले खेळाडू मोठ्या संघाने न्यायचे आणि ज्याने ते घडवले त्याने बाकीच्यांना घेऊन मैदानात उतरायचे, ही रीत कोल्हापुरात फुटबॉलच्या आधी सिनेमात सुरू झाली म्हणायची!

फुटबॉलचे नाव निघालेच आहे, तर माझ्या दुसऱ्या व्यसनाकडे वळतो.

परगावच्या वाचकांना कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते. ते खरेच आहे. पण गावातल्या तालमींनी लाल माती अंगाला लावता लावता केव्हातरी चेंडूलाही पाय लावला, आणि आता थंडी पडली की पेठापेठांतून कुस्तीपेक्षा फुटबॉलचीच भांडणे अधिक होतात. संघांची नावे अजूनही तालमींची आणि मंडळांची: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. ह्यांचे सामने असले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून वाहतात, हलगी कडाडते, झेंडे नाचतात, आणि पोलीस हातातली काठी उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागतात. ह्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी तर गल्लोगल्ली मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो ह्यांचे पुरुषभर उंचीचे फलक लागले होते. नगरसेवकांना जागा उरली नव्हती.

पण ह्यांतला कोणताही संघ माझा नव्हे. माझ्या संघाचे नाव मी देत नाही. आधीच जे मैदानावर हरतात त्यांना छापून आणखी कशाला हरवा? एवढेच सांगतो की, आमच्या तालमीच्या कपाटात दोन ढाली आहेत, त्यांतली एक फुटबॉलची नव्हे, कबड्डीची आहे. आमचा सामना बहुधा भर दुपारचा, म्हणजे मोठ्या सामन्याला येणाऱ्यांनी आधी येऊन जागा धरावी आणि तोवर काहीतरी समोर हलत असावे, एवढ्यासाठी ठेवलेला. आमचे प्रेक्षक मोजून तीस. हलगी नाही, एक म्हातारा पानपट्टीवाला आहे, तो दोन बोटे तोंडात घालून शिट्टी मारतो. दात पडल्यापासून तीही नीट वाजत नाही.

पोरे मात्र आमची आहेत. कोणी गुजरीत सोन्याच्या दुकानात कारागीर, कोणी पहाटे दुधाच्या गाडीवर, कोणी शिरोलीच्या कारखान्यात पाळी करून थेट मैदानावर आलेला. अकरा जण वेळेवर जमले की आम्ही निम्मा सामना जिंकला असे समजतो. आणि एखादा पोरगा खरोखर चांगला निघाला, दोघांना चकवून चेंडू काढू लागला, की आमच्या पोटात गोळा येतो. आम्हाला कळते की, पुढच्या हंगामात हा दुसऱ्या रंगाच्या बनियनमध्ये दिसणार. मध्यंतरी मोठ्या संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणण्याचा प्रघात पाडला. आमच्याही तालमीने वर्गणी काढून एक पोरगा आणला. तालमीच्या माडीवर राहायचा. पंधरा दिवसांत तो पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला शिकला, आणि महिन्याभरात गल्लीतल्या म्हाताऱ्या त्याला "जेवलास का बाळा" म्हणून विचारू लागल्या. त्या वर्षी आम्ही चक्क तीन सामने जिंकलो! पुढच्या वर्षी तो मोठ्या संघाकडून आमच्याविरुद्ध खेळला, त्याने गोल केला, आणि गोल केल्यावर नाचायचे सोडून आमच्या पायऱ्यांकडे बघून दोन्ही हात जोडले. आम्ही तिसांनी टाळ्या वाजवल्या. दुसरे काय करणार?

मला पुष्कळजण विचारतात की, एवढा सिनेमाचा षौक असलेला मनुष्य, ज्याला शेवट गोड लागतो, तो हे असले सामने कशाला पाहतो? मी म्हणतो, दोन्हीकडे निकाल आधीच ठाऊक असतो. २०२४ साली 'मैदान' नावाचा चित्रपट आला. हैदराबादच्या रहीम साहेबांवरचा. १९६२ साली जकार्ताला आपण दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले, हे चित्रपटगृहात बसलेल्या निम्म्या लोकांना घरूनच ठाऊक होते. तरी शेवटची दहा मिनिटे माझ्या शेजारचा गृहस्थ खुर्चीचा हात धरून बसला होता. आमच्या संघाचे तसेच. हरणार हे ठाऊक असते, आणि तरी सत्तराव्या मिनिटाला बरोबरी असली की तीस माणसे श्वास धरून उभी राहतात. नागराज मंजुळ्यांच्या 'झुंड'मध्येही, २०२२ साली, मला नागपूरच्या त्या झोपडपट्टीतल्या पोरांपेक्षा भिंतीपलीकडून डोकावणारे बघे अधिक ओळखीचे वाटले. असो. मी सिनेमातून फुटबॉलकडे आणि फुटबॉलमधून सिनेमाकडे वाहत चाललो आहे. मुद्द्यावर येतो.

हा संघ मला माझ्या वडिलांकडून मिळाला. आबा एका फौंड्रीत मोल्डर होते. बोलणे कमी. रविवारी माझे बोट धरून मैदानावर न्यायचे, वरून तिसऱ्या पायरीवर बसायचे, एक रुपयाचे शेंगदाणे घ्यायचे आणि त्यांतले निम्मे मोजून माझ्या हातावर ठेवायचे. सामना संपला, आम्ही हरलो, की उठताना त्यांचे एकच वाक्य ठरलेले. "पोरं पळाली पण." शून्य-एकने हरलो तरी तेच, शून्य-सहाने हरलो तरी तेच. लहानपणी मला त्याचा राग यायचा. पळायला काय, कुत्र्यामागे लागलेली मांजरेही पळतात, असे मी एकदा उलट बोललो होतो. त्यांनी उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि चालू लागले.

तर २००९ च्या सुमारास एक बुधवारी माझा तास नव्हता. शर्टाच्या खिशात तिकिटाचा अर्धा तुकडा राहिला, आणि तो शर्ट धुण्यापूर्वी आबांनी खिसे चाचपले. निवृत्तीनंतर ती एक कामगिरी त्यांनी आपल्याकडे घेतली होती. घरी काही बोलले नाहीत. रविवारी मैदानावर, मध्यंतराला, समोर बघतच विचारले,

"कुठला बघितलास?"

"काय?"

"पिक्चर रे. बुधवारचा."

मी गप्प. पस्तिशीकडे झुकलेला, सेट उत्तीर्ण झालेला मनुष्य, आणि मला शाळा चुकवताना पकडल्यासारखे वाटत होते. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी तास नव्हता, आबा."

"ते कळालं मला. पिक्चर कुठला होता?"

मी नाव सांगितले. त्यांनी मान हलवली. जरा वेळाने म्हणाले, "मी पण बसलोय की दीड महिना. तू चौथीत होतास. फौंड्रीला टाळं लागलेलं. घरात सांगायचं कसं? मग डबा घेऊन निघायचो रोजच्या वेळेला. अकरापर्यंत रंकाळ्यावर, मग बाराचा पिक्चर. डबा इंटरव्हलला खायचा."

मला त्या दीड महिन्याची काहीच आठवण नव्हती. एवढेच आठवले की त्या वर्षी सहामाहीनंतर आबा कधीतरी खाकी कपड्यांऐवजी निळे कपडे घालून जाऊ लागले होते. म्हणजे दुसरी नोकरी.

"कुठला असायचा पिक्चर?" मी विचारले. दुसरे काय विचारावे ते सुचले नाही.

"असायचं काहीबाही जुनं. भालजींचा 'साधी माणसं' आठ दिवस होता, तो सहा वेळा बघितला. त्यात लोहाराचा भाता हाय. भाता बघून बरं वाटायचं."

१९६५ सालच्या ह्या चित्रपटावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. त्यातला खेड्यातून शहरात आलेला लोहार, सूर्यकांत आणि जयश्री गडकर ह्यांचा अभिनय, 'आनंदघन' ह्या नावाआडून संगीत देणाऱ्या लताबाई. भट्टी बंद पडलेला एक मोल्डर बाहेरच्या उन्हातून येऊन पडद्यावरची भट्टी पेटलेली बघत बसला आहे, हे माझ्या कोणत्याही टिपणात नव्हते.

"आईला कळलं नाही?"

"आठ दिवसांत कळालं. कपडे कोण धुतंय? कपड्यातनं काळी माती निघंना." ते प्रथमच माझ्याकडे बघून हसले. "बोलली काय नाही. एक दिवस डबा उघडला, तर वरच्या पुडात भाकरीच्या खाली तिकिटापुरतं पैसं. मग नोकरी लागंपर्यंत रोज."

तेवढ्यात उत्तरार्ध सुरू झाला, आमच्या गोलरक्षकाच्या पायांतून चेंडू गेला, आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मला पुढे २०१४ साली कायम नोकरी मिळाली. तोवर मी बारा ते तीनला जातच राहिलो; फक्त तिकिटाचे तुकडे खिशात तसेच ठेवू लागलो.

आबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. आजार हृदयाचा, पण दिवस करोनाचे. स्मशानात वीस माणसांची मर्यादा. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला पेठ लोटते; त्या दिवशी पंचगंगेच्या काठी आम्ही मोजके लोक एकमेकांपासून हात-हातभर दूर उभे होतो. कोणी खांद्यावर हात ठेवायचा नाही असा नियम होता, आणि तो सगळ्यांनी पाळला. समाचाराला कोणी घरी आले नाही. फोन आले. फोनवर रडता येत नाही, निदान मला तरी येत नाही.

मनुष्य दुःखाच्या वेळी कोठे जातो? ज्याची श्रद्धा आहे तो देवळात जातो; देवळे बंद होती. मला ज्या दोन जागा ठाऊक होत्या त्यांनाही कुलपे होती. चित्रपटगृहे आदल्या वर्षीच्या मार्चपासून बंद; मध्ये चार-पाच महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली तेवढीच. स्टेडियमच्या फाटकाशी मी एकदा उगाचच जाऊन आलो. मैदानावर गवत गुडघाभर वाढले होते. घरी सिनेमा पाहण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे हे मला माहीत आहे, मुलाने मला तो लावूनही दिला. पण घरच्या घरी कसले पलायन? मध्येच कुकरची शिट्टी होते. त्या काळात मी वर्ग मात्र घेत होतो. संगणकासमोर बसून, काळ्या चौकोनांपुढे, करुणरस शिकवीत होतो. काळे चौकोन "यस सर" म्हणत होते.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला महाराष्ट्रातली चित्रपटगृहे उघडली. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती. आकाशकंदील नाही, फराळ शेजारच्यांनी आणून दिलेला. पाडव्याच्या दिवशी, पाच नोव्हेंबरला, 'सूर्यवंशी' लागला. मोटारी उडवणारा चित्रपट. मराठीच्या अध्यापकाने आवर्जून जावे असे त्यात काही नाही. मी दुपारी शर्ट घालून निघालो तशी आई दाराशी आली. कुठे चाललास म्हणून तिने विचारले नाही. कमरेची पिशवी सोडून तिने पन्नास रुपयांची नोट काढली आणि माझ्या हातात ठेवली. आता त्या पैशांत तिकीट येत नाही हे तिला ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही.

आत निम्म्याच खुर्च्या विकायच्या असा सरकारी हुकूम होता, म्हणून एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि बसू नये म्हणून तिच्यावर फुलीची पट्टी चिकटवली होती. जन्मभर मी आपण होऊन दोन-तीन खुर्च्या सोडून बसत आलो होतो. त्या दिवशी शेजारची रिकामी खुर्ची पाहवेना. दिवे गेले, पडद्यावर गाड्या उडू लागल्या, लोक शिट्ट्या मारू लागले, आणि त्या गोंगाटात मला पाच-सहा महिन्यांनी प्रथम मोकळेपणाने रडता आले. कोणाच्या लक्षात आले नाही. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मी रुमालाने चष्मा पुसत होतो. तोंडाला मास्क होताच. त्या मास्कचा तेवढा एक उपयोग मला मान्य आहे.

मैदान त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाले. पहिल्या सामन्याला मी मुद्दाम उशिरा गेलो. वरून तिसऱ्या पायरीवर आमची जागा मोकळी होती. आमच्यात काही जागा राखून ठेवायची पद्धत नाही, तीस माणसांना एवढे मोठे स्टेडियम असताना जागा राखायची कशाला? पण मोकळी होती खरी. मी बसलो. दहा मिनिटांनी पानपट्टीवाला म्हातारा वरून उतरून माझ्या शेजारी येऊन टेकला. मग दूधवाल्या पोराचा बाप आला. मग तालमीचे जुने वस्ताद, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत. मागे वळून पाहिले तर इकडे तिकडे विखरून बसणारे आमचे तीसच्या तीस लोक ह्या तीन पायऱ्यांवर गोळा झाले होते. आबांविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. सगळे पंचाला शिव्या देत होते. शेंगदाणेवाला आला तेव्हा म्हाताऱ्याने एक पुडी घेतली, उघडली, आणि निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवले.

चार शून्य. चौथा गोल तर आमच्याच पोराने आमच्याच जाळीत मारला. शेवटची शिट्टी झाली. पण कोणी उठेना. मला वाटले, पुढचा मोठा सामना पाहायचा असेल. मग लक्षात आले की, म्हातारा माझ्या तोंडाकडे बघतो आहे. वस्तादही बघताहेत.

"पोरं पळाली पण," मी म्हणालो.

"तर!" म्हातारा म्हणाला आणि धोतर झटकून उठला.

हल्ली माझा मुलगा बरोबर येतो. तो बारावीला आहे आणि त्याचा खरा संघ स्पेनमध्ये आहे. आमचा सामना चालू असताना तो मोबाइलवर दुसराच सामना बघत असतो, आणि मध्येच डोके वर करून विचारतो, "बाबा, आपण कधी जिंकलो होतो?" मी त्याला साल सांगतो. त्याचा विश्वास बसत नाही. गेल्या हंगामात मात्र शेवटच्या सामन्यात आम्ही सत्तर मिनिटे बरोबरीत होतो, तेव्हा मोबाइल खिशात घालून तो उभा राहिला होता, हे मी तिरप्या डोळ्याने पाहिले. त्यानंतर आम्ही दोन गोल खाल्ले ते सोडा.

नवा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. आमचा पहिला सामना नेहमीप्रमाणे कोणातरी मोठ्यांशी आणि भर दुपारीच असणार. कोणाला यायचे असेल तर टोपी आणावी. तिसऱ्या पायरीवर तीन वाजेपर्यंत ऊन असते. जागा मिळेल.